फिरत्या भावामागे धावणाऱ्यांसाठी

क्रिकेटचा मोसम आला की गावोगावच्या टपऱ्यांवर, एसटी स्टँडवर, कॉलेजच्या आवारात एक प्रश्न हमखास कानावर येतो : भाव काय चाललाय? आपल्या जावळीतलं मेढाही त्याला अपवाद नाही. पूर्वी सट्टा खेळायचा तर साताऱ्यात नाहीतर मुंबईत ओळखीचा बुकी लागायचा, फोनवर सौदा लिहून घेणारा माणूस लागायचा. आता मोबाइलमध्ये सट्ट्याच्या साइटचा एक ‘आयडी’ आला की केळघरच्या घाटात जिथं रेंज मिळेल तिथून खेळता येतं. खेळही क्रिकेटपुरते राहिलेले नाहीत. त्याच पडद्यावर कबड्डी असते, युरोपातला फुटबॉल असतो, आणि अमेरिकेतल्या कॉलेजांचा फुटबॉलही असतो.

या सगळ्यात हुशार पोरांच्या मनात एक गोष्ट घट्ट बसते. नशिबावर खेळतो तो हरतो, भावाचा अभ्यास करतो तो जिंकतो. आधी निघालेला पहिला भाव बघायचा, तो कुठं सरकतोय ते बघायचं, आणि जाणत्यांचा पैसा ज्या बाजूला जातोय त्या बाजूला आपलाही लावायचा. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. त्यात खरेपणाचा अंशही आहे, आणि म्हणूनच ते घातक आहे. ज्याला गणित येत नाही तो दोन-चारदा हरून उठतो. ज्याला गणित येतं तो ‘आपली पद्धत अजून पक्की व्हायची आहे’ असं म्हणत वर्षभर बसून राहतो.

हा लेख त्या अभ्यासू पोरांसाठी आहे आणि त्यांच्या घरच्यांसाठीही. माझं सांगणं एवढंच आहे की भावाच्या हालचालीत माहिती असते हे खरं, पण ती तुमच्यापर्यंत पोचते तोवर तिची किंमत दुसऱ्या कुणीतरी वसूल केलेली असते. ते कसं, हे हिशेबानं बघू.

पहिला भाव कसा निघतो

मुंबईचा आकड्यांचा धंदा मुळात भावावरच उभा राहिला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना काय दर निघतो यावर मुंबईत पैजा लागायच्या. ते दर येणं बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी न्यू वरळी मटका काढला. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द त्या कापूस बाजाराची आठवण म्हणून राहिले. त्या धंद्याचं गणित साधं होतं. एकेरी आकडा शून्य ते नऊ यांतला कुठलाही लागू शकतो, म्हणजे दहा शक्यता, आणि लागला तर रुपयाला ९ रुपये. दहातला एक रुपया सरासरीनं मटकेवाल्याकडे उरणारच.

सामन्याच्या सट्ट्यात गणित थोडं झाकलेलं असतं. बुकी आधी अंदाज बांधतो : संघ कोणता, मैदान कोणतं, कुणाला दुखापत आहे, संध्याकाळी दव पडणार का. त्यावरून तो पहिला भाव काढतो. हा भाव कच्चा असतो आणि तो कच्चा आहे हे बुकीलाही माहीत असतं. म्हणून सुरुवातीला तो मोठी रक्कम घेत नाही. कमी रकमेचे सौदे घेतो आणि कोण कुठल्या बाजूला लावतोय ते बघतो. ज्यांचे अंदाज नेहमी बरोबर येतात असे दोन-चार खेळाडू एका बाजूला गेले की तो भाव सरकवतो. त्यांना थोडे पैसे जाऊ देऊन तो त्यांच्याकडची माहिती विकत घेतो. भाव पक्का झाला की मग मोठ्या रकमेला दार उघडतो, आणि आपल्यासारखे लोक तेव्हा आत येतात.

भाव सरकण्यामागे चार वेगवेगळी कारणं असतात आणि पडद्यावर ती सारखीच दिसतात.

पहिलं कारण बातमी. टॉस झाला, मुख्य गोलंदाज बाहेर बसला, खेळपट्टी कोरडी निघाली. ही बातमी तुम्हाला टीव्हीवर दिसते तोवर भाव फिरून स्थिर झालेला असतो. मैदानातला चेंडू आणि मोबाइलवरचं चित्र यांतही काही सेकंदांचं अंतर असतं.

दुसरं, जाणत्यांचा पैसा. वर सांगितलं ते हेच.

तिसरं, गर्दीचा पैसा. महाराष्ट्रात मुंबईच्या संघावर प्रेमानं लावणारे पुष्कळ. त्या बाजूचा बोजा वाढला की बुकी मुंबईचा भाव कमी करतो. यात माहिती काहीच नसते, फक्त आपलेपणा असतो.

चौथं कारण सर्वांत वाईट. खासगी आयडीवर भाव दाखवणारा आणि पैसे घेणारा एकच असतो. त्यानं भाव मुद्दाम हलवून दाखवला तर पडताळा घ्यायला तुमच्याकडे काहीच नसतं. शेअर बाजारात निदान सेबी आहे, बाजार समितीत निदान लिलावाची पट्टी मिळते. इथं काही मिळत नाही.

भाव फिरलेला दिसला म्हणजे या चारांपैकी कुठलं कारण हे ओळखता आलं पाहिजे. पडद्यावरून ते ओळखता येत नाही. आणि पहिली दोन कारणं असतील तरीही, भाव फिरल्यावर लावणं म्हणजे मेढा स्टँडवरून सुटलेल्या गाडीची पाटी वाचण्यासारखं आहे. गाडी कुठं गेली ते बरोबर कळतं, पण आपण तिच्यात नसतो.

हजार रुपयांचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घ्या. समजा, मुंबईचा संघ फेवरेट आहे आणि भाव ७०-७२ आहे. याचा अर्थ असा : मुंबई ‘लावली’ तर हजाराला ७०० मिळतील आणि मुंबई हरली तर हजार जातील. मुंबई ‘खाल्ली’ तर ती हरल्यावर हजार मिळतील आणि ती जिंकली तर ७२० जातील. मधले दोन पैसे बुकीचे.

लावणाऱ्याला नफा-तोटा बरोबरीत ठेवायचा तर मुंबई शंभरात ५८.८ वेळा जिंकली पाहिजे. खाणाऱ्याला बरोबरीत राहायचं तर ती ४१.९ वेळा हरली पाहिजे. दोन्हींची बेरीज होते १००.७. शंभराच्या वरचा हा भाग म्हणजे दुकानाचा हिस्सा. वर बसलेल्या बुकीकडे तो एवढा कमी असू शकतो. पण आपल्यापर्यंत आयडी येतो तो एजंटाच्या हातून आणि प्रत्येक पायरीवर अंतर वाढतं. तोच भाव ६५-७५ होऊन आला तर बेरीज १०३.५ वर जाते. जिंकलेल्या रकमेतून कमिशन कापलं तर आणखी वर.

अभ्यासू खेळाडू म्हणेल, मी निकालावर खेळतच नाही. मी पहिल्या भावात लावतो, भाव माझ्या बाजूला सरकला की खाऊन टाकतो आणि दोन्ही बाजूंनी नफा बांधून ठेवतो. ठीक, तेही करून बघू.

सकाळी ७० भावानं हजार लावले. टॉसनंतर मुंबई आणखी भारी झाली आणि भाव दहा पैशांनी उतरून ६०-६२ झाला. अंदाज बरोबर आला. आता ६२ नं १,०४९ रुपये खाल्ले की मुंबई जिंको वा हरो, हातात साधारण ४९ रुपये राहतात.

आता उलटं बघा. भाव तेवढ्याच दहा पैशांनी वर गेला, ८०-८२ झाला. घाबरून बाहेर पडायचं तर ८२ नं ९३४ रुपये खावे लागतात आणि दोन्ही बाजूंनी ६६ रुपये तोटा पक्का होतो.

हालचाल दोन्ही वेळा दहाच पैशांची. अंदाज बरोबर आला तर ४९ मिळाले, चुकला तर ६६ गेले. नुसत्या दोन पैशांच्या अंतरानं एवढा फरक पाडला. निम्मे अंदाज बरोबर येणारा माणूस या पद्धतीनं हळूहळू धुऊन निघतो. बरोबरीत राहायलाच त्याचे शंभरातले ५७-५८ अंदाज बरोबर यावे लागतात. आणि हा हिशेब ७०-७२ चा आहे. ६५-७५ चं अंतर घेऊन स्वतः मांडून बघा, आकडे याहून वाईट येतील.

‘सेशन’मध्ये, म्हणजे ठरलेल्या षटकांत किती धावा होतील यावरच्या सट्ट्यात, तर हे आणखी उघड आहे. सहा षटकांचं सेशन ४८-५० असेल तर ‘यस’ म्हणणाऱ्याला ५० धावा लागतात आणि ‘नो’ म्हणणाऱ्याला ४७ किंवा कमी. ४८ आणि ४९ या दोन आकड्यांवर दोघेही हरतात आणि पैसे मध्येच राहतात.

गुणांची सूट : कबड्डीपासून अमेरिकेपर्यंत

काही खेळांत जिंकणार कोण यापेक्षा किती फरकानं जिंकणार यावर पैसा लागतो. कबड्डीचं उदाहरण घ्या. पुणेरी पलटण भारी आहे म्हणून तिच्यावर साडेचार गुणांचं ओझं ठेवलं, तर पलटणनं पाच किंवा जास्त गुणांनी जिंकलं पाहिजे, तरच लावणाऱ्याचे पैसे लागतात. समोरच्या संघानं चार गुणांनी हार पत्करली तरी त्याच्या बाजूचे जिंकतात.

अमेरिकेत या पद्धतीचा मोठा बाजार आहे आणि त्यात कॉलेजांचा फुटबॉल फार वर आहे. ही पद्धत रूढ करण्याचं श्रेय शिकागोत बुकी झालेल्या चार्ल्स मॅकनील या गणिताच्या शिक्षकाला दिलं जातं, तो काळ १९४० च्या दशकाचा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १४ मे २०१८ रोजी राज्यांना खेळांवरचा सट्टा कायदेशीर करण्यास मनाई करणारा केंद्रीय कायदा रद्द केला आणि मग एकेका राज्यानं तो कायदेशीर केला. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या गटात सव्वाशेहून जास्त संघ. सामने मुख्यतः शनिवारी, आणि पुढच्या शनिवारचे पहिले भाव बहुतेक आदल्या रविवारीच निघतात.

एवढ्या संघांची बारीक माहिती भाव काढणाऱ्यालाही नसते. म्हणून पहिल्या भावात चुका राहतात हे खरं आहे. पण त्या चुका पकडणारी माणसं कोण? एकेका संघाच्या सरावावर, दुखापतीवर, हवामानावर वर्षभर डोळा ठेवणारी, स्वतःची गणिती मांडणी असलेली, भाव निघाल्यावर काही मिनिटांत पैसा टाकणारी. त्यांनाही पहिल्या भावावर मोठी रक्कम लावू दिली जात नाही. सतत जिंकणाऱ्याची मर्यादा कायदेशीर कंपन्याही कमी करत नेतात.

त्या खेळाची आणखी एक खुबी आहे. तिथं एका फील्ड गोलला ३ गुण आणि टचडाउनला ६ अधिक बहुतेक वेळा १ मिळून ७ गुण होतात, त्यामुळे ३ आणि ७ या फरकांनी सुटणारे सामने पुष्कळ असतात. गुणांचं ओझं अडीचवरून साडेतीनवर गेलं तर ती मोठी गोष्ट असते, साडेचारवरून साडेपाचवर गेलं तर तेवढी नसते. हे ज्याला ठाऊक नाही त्याला दोन्ही हालचाली सारख्याच वाटतात.

आणि नेहमीचा दर काय? शंभर जिंकायला एकशे दहा लावायचे. शंभर वेळा खेळलात आणि बरोबर निम्मे जिंकलात, तर ५,००० मिळतात आणि ५,५०० जातात. नुसतं बरोबरीत राहायला शंभरात ५२.४ अंदाज बरोबर यावे लागतात. ज्यांचं पोटच त्यावर आहे तेसुद्धा या आकड्याच्या थोडंसंच वर राहण्यासाठी झगडतात. तिकडचा दुपारी बाराचा सामना पावसाळ्यानंतरच्या आठवड्यांत आपल्याकडे रात्री साडेनऊला सुरू होतो, त्यानंतरचे पहाटेपर्यंत चालतात. कुडाळ-करहरच्या एखाद्या खोलीत रात्र जागवून, कधीही न पाहिलेल्या संघांवर पैसे लावणारा पोरगा या बाजारात कुठं उभा आहे, याचा त्यानं शांतपणे विचार करावा.

आपली जी मुलं शिकायला अमेरिकेत आहेत त्यांना तिथं हे कायदेशीर दिसतं, जाहिराती दिसतात, पहिल्या खेळीला फुकट पैसे मिळतात. कायदेशीर झाल्यानं एकशे दहाला शंभर हा दर बदलत नाही. शिक्षणाच्या कर्जाचा पैसा त्यात जाऊ देऊ नका.

टिप विकणाऱ्यांची कला

टेलिग्रामवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘भाव फिरला, लगेच लावा’ असे संदेश पाठवणारे गट असतात. त्यांची कला समजून घ्या. ६४ जणांना घ्या. निम्म्यांना सांगा मुंबई जिंकेल, निम्म्यांना सांगा हरेल. ज्यांना चुकीचं सांगितलं त्यांना सोडून द्या. उरलेल्या ३२ जणांत पुन्हा तेच करा. सहा सामन्यांनंतर एक जण असा उरतो ज्याला सहाच्या सहा अंदाज बरोबर मिळालेत. तो मग घरातलं सोनं गहाण टाकून सातव्या सामन्याची टिप विकत घेतो.

‘शंभरात पंचावन्न बरोबर’ अशी जाहिरात करणाऱ्यावरही भुलू नका. नाणं उडवून अंदाज सांगणाऱ्या शंभर माणसांना शंभर सामने दिले तर त्यांतल्या सुमारे अठरा जणांचे पंचावन्न किंवा जास्त अंदाज आपोआप बरोबर येतात. त्यांना काहीही कळत नसतं. आणि ज्याच्याकडे खरोखर माहिती आहे तो ती महिन्याला पाचशे रुपयांत का विकेल?

आधी वही भरून बघा

ज्याला अजूनही वाटतं की आपल्याला भाव वाचता येतो, त्यानं एक रुपयाही न लावता स्वतःची परीक्षा घ्यावी. एक वही करा. रकाने असे : तारीख, सामना, पहिला भाव, तुम्ही निर्णय घेतला तेव्हाचा भाव आणि वेळ, तुमची बाजू, सामना सुरू होतानाचा शेवटचा भाव, निकाल.

नियम चार. सामना सुरू होण्याआधीच लिहायचं. लिहिलेलं खोडायचं नाही. हरलेला एकही सामना गाळायचा नाही. निदान दोनशे नोंदी होईपर्यंत बेरीज करायची नाही.

मग निकालाआधी भाव तपासा. तुम्ही ७० ला मुंबई लिहिली आणि शेवटचा भाव ६२ झाला, तर तुम्ही बाजाराच्या पुढं होता. तुम्ही ६२ ला लिहिली आणि शेवटही ६२ वरच झाला, तर तुम्ही फक्त मागून आलात. जगभरचे व्यावसायिक खेळाडू स्वतःला याच कसोटीवर तपासतात. निकालात नशिबाचा वाटा मोठा असतो, भावाची तुलना त्यामानानं लवकर खरं बोलते. बहुतेकांच्या वहीत हेच दिसेल की पहिला भाव त्यांनी पाहिला तेव्हा तो पहिला राहिलेलाच नव्हता.

ज्यांना आकड्यांची ही आवड खरी आहे त्यांनी ती वाया घालवू नये. संख्याशास्त्र, विमागणित, डेटा विश्लेषण, खेळांचं विश्लेषण या सगळ्यांना हीच बुद्धी लागते आणि तिथं तिचा पगार मिळतो.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे. अड्डा चालवणारा तर गुन्हेगार ठरतोच, खेळण्यासाठी अड्ड्यावर सापडणाराही ठरतो. मोबाइलवरच्या पैशाच्या खेळांसाठी संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला, त्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून पैसे जिंकायचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी त्यात तरतूद आहे. ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ ही पळवाट त्यात ठेवलेली नाही. ड्रीम इलेव्हनसारख्या कंपनीनंही त्यानंतर पैशाच्या स्पर्धा बंद केल्या. तेव्हा ‘आमचं ॲप कायदेशीर आहे’ असं सांगणारा एजंट तुम्हाला फसवतोय.

आणखी चार गोष्टी नीट लक्षात ठेवा.

करार कायदा १८७२ च्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो. जिंकलेले पैसे एजंटानं दिले नाहीत तर तुम्हाला कोर्टात जाता येत नाही, तसंच हरलेल्या पैशासाठी त्यालाही तुमच्यावर दावा लावता येत नाही.

परदेशी सट्ट्याच्या साइटला भारतातून पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांनी मनाई आहे.

टोळी करून बेकायदा सट्टा चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये किरकोळ संघटित गुन्ह्याचा प्रकार आहे, शिक्षा एक ते सात वर्षं.

सर्वांत महत्त्वाचं : आपलं बँक खातं, सिमकार्ड किंवा एटीएम कुणालाही ‘भाड्यानं’ देऊ नका. महिन्याला काही हजार मिळतात म्हणून कॉलेजची मुलं खातं देतात. सट्ट्याचा आणि सायबर फसवणुकीचा पैसा त्यातून फिरतो, खातं गोठतं आणि परराज्यातल्या पोलिसांची नोटीस घरी येते. नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत ते आडवं येतं.

घरच्यांनी काय बघावं

पोराच्या हातात सतत मोबाइल आहे यावरून काही कळत नाही. खातेउतारा वाचा. सट्ट्याची खूण अशी असते : दोनशे, पाचशे, हजार अशा गोल रकमा, एकाच रात्री सात-आठ वेळा, बहुतेक सामन्याच्या वेळेत, आणि पैसे घेणाऱ्याचं नाव दर आठवड्याला वेगळं. कधी किराणा दुकानाचं, कधी मोबाइल रिचार्जवाल्याचं, कधी अनोळखी माणसाचं. मध्येच एखादी मोठी रक्कम जमा होते आणि दोन दिवसांत पुन्हा बारीक तुकड्यांनी निघून जाते. त्यासोबत कर्ज देणाऱ्या ॲपचे हप्ते दिसू लागले तर गोष्ट पुढं गेलेली आहे असं समजा.

जावळीतली पुष्कळ घरं मुंबईच्या पैशावर चालतात. पोरगा नवी मुंबईत किंवा पुण्यात खोलीवर राहतो, गावी आई-बाप असतात. घरी येणारा पैसा अचानक अनियमित झाला, यात्रेला यायचं तो टाळू लागला, मित्रांकडून आणि पाहुण्यांकडून वेगवेगळी कारणं सांगून उसने घेऊ लागला, तर रागावण्याआधी बसून विचारा. ‘किती गेले?’ या प्रश्नाला पहिलं उत्तर बहुतेक वेळा अर्धंच असतं. म्हणून ‘आणखी कुणाचे द्यायचेत?’ हा दुसरा प्रश्न विचारायला विसरू नका.

बाहेर पडायचं ते असं

एक, ‘गेलेले काढून घेतो आणि थांबतो’ हे वाक्य डोक्यातून काढा. गेलेले पैसे गेले. ते परत मिळवायला लावलेला प्रत्येक रुपया वरच्याच हिशेबानं जातो.

दोन, आयडी बंद करा, एजंटाचे नंबर ब्लॉक करा, टिपांचे गट सोडा. बँकेत जाऊन यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून घ्या. काही महिने पगाराचं खातं बायकोच्या, आईच्या किंवा वडिलांच्या देखरेखीखाली ठेवा. याला शिक्षा समजू नका, पाय मोडल्यावर घातलेलं प्लास्टरही काही दिवसच असतं.

तीन, देण्यांची यादी करा. पतसंस्थेचं, बँकेचं, पाहुण्यांचं कर्ज वेगळं लिहा, ते हप्त्यानं फेडायचं आहे. सट्ट्याची ‘उधारी’ वेगळी लिहा, कायद्याच्या नजरेत ते देणंच नाही. त्यासाठी कुणी धमकावत असेल तर संदेश जपून ठेवा आणि मेढा पोलिस ठाण्यात तक्रार द्या. धमकावून पैसे उकळणं हा न्याय संहितेच्या कलम ३०८ खालचा गुन्हा आहे.

चार, सट्ट्यातलं नुकसान भरून काढायला खासगी सावकाराकडं जाऊ नका. विनापरवाना सावकारी महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ प्रमाणे गुन्हा आहे. जमीन किंवा गाडी लिहून घेतली असेल तर सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकांकडे अर्ज करता येतो. जमिनीच्या कुठल्याही कोऱ्या कागदावर सही करू नका.

पाच, फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

सहा, औषधपाण्याला लाजू नका. जुगाराची ओढ हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आणि मराठीत बोलता येतं. साताऱ्यात परिवर्तन आणि पुण्यात मुक्तांगण या संस्था व्यसनमुक्तीचं काम वर्षानुवर्षं करतायत, कुठं जावं हे तिथून समजेल. ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असं पोरगा एकदा जरी बोलला, तरी त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. पैशाचं नंतर बघता येतं.

गावानं मिळून करायचं काम

जावळी तालुक्यातल्या बायकांनी दारूबंदीच्या मतदानात उभ्या बाटलीविरुद्ध आडव्या बाटलीला मत देऊन दारूची दुकानं बंद करून दाखवली. मोबाइलमधल्या दुकानाला कुलूप लावता येत नाही, पण गिऱ्हाईक तोडता येतं. क्रिकेट आणि कबड्डीच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी सट्ट्याच्या ॲपचा फलक मैदानावर लागू देऊ नये, देणगी कितीही मोठी असो. कॉलेजात गणिताच्या तासाला ७०-७२ चा हिशेब एकदा फळ्यावर करून दाखवावा, भाषणापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. ग्रामसभेत आणि बचत गटाच्या बैठकीत खातं भाड्यानं देण्याचा धोका नाव न घेता समजावून सांगावा. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनी आपल्या खोल्यांवर राहणाऱ्या नव्या पोरांना पहिल्या पगाराआधीच हे सांगावं, कारण एजंट पहिल्या पगाराचीच वाट बघत असतो.

आणि जो आज खेळतोय त्यानं एवढं करावं : पुढच्या सामन्याआधी मागच्या तीन महिन्यांचा खातेउतारा काढावा, गेलेल्या आणि आलेल्या रकमांची बेरीज स्वतःच्या हातानं करावी, आणि तो कागद घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला दाखवावा. भावाचा अभ्यास करणाऱ्याला ही बेरीज अवघड नाही. ती दुसऱ्या माणसासमोर ठेवायला मात्र धीर लागतो, आणि सुटका तिथूनच सुरू होते.